मदत हवी आहे: रॉडच्या गाइडवर सोनेरी पट्टी सुटतेय

मंडळी, खाडीतला जिताडा मासा पकडायला सात फुटी स्पिनिंग रॉड घरीच बांधतोय, ब्लँक (रॉडची नुसती काठी) तयार आणलाय, गाइड (गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या) काळ्या नायलॉन दोऱ्याने, साईज ए, बांधतोय. तिथपर्यंत सगळं मस्त. घोळ होतो तो शेवटी सोनेरी मेटॅलिक दोऱ्याची चार-पाच वेढ्यांची पट्टी घालताना.

काळं रॅपिंग संपलं की त्याला चिकटूनच सोनेरी सुरू करतो, वेढ्यांखाली दोऱ्याचा लूप ठेवतो आणि टोक त्यातून आत ओढतो, की तिथेच मेटॅलिकची वरची चमकी सोलून आतला पांढरा धागा दिसायला लागतो, आणि वेढे ढिले पडून काळ्या-सोनेरीमध्ये केसाएवढी फट राहते, नखाने कितीही सरकवा परत येतेच. तीनदा उसवलं राव, बायको म्हणते आता स्वेटर विणायला घे.

सोनेरी टोक आधीच काळ्या वेढ्यांखाली दाबून घ्यावं का? की लूपसाठी बारीक ब्रेड (विणलेली गळाची दोरी) वापरावी? टेन्शन तरी किती ठेवता? आणि एक, टेस्टसाठी लाल नायलॉनवर एपॉक्सी (वरचं पारदर्शक कोटिंग) लावलं तर रंग एकदम गडद होऊन खालचा गाइडचा पाय दिसायला लागला, म्हणजे आधी कलर प्रिझर्व्हर (दोऱ्याचा रंग टिकवणारं द्रावण) लावायलाच हवं ना? किती कोट? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, फोटो असेल तर सोन्याहून पिवळं.