11 वर्षांनी परत आलोय, नोकरी जमत नाही. काय चुकतंय?

पाणपोई:
नमस्कार. वय 43. परदेशात 11 वर्षं जलशुद्धीकरण केंद्रावर देखभालीचं काम केलं, त्यातली शेवटची 4 वर्षं पाळीप्रमुख होतो. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून सगळं आवरून आलो. आल्याचं वाईट वाटत नाही. सकाळी त्यांना हाताला धरून चालवतो, तेव्हा तर अजिबात नाही.
पण 5 महिन्यांत 37 अर्ज आणि मुलाखती फक्त 2. पहिल्या ठिकाणी विचारलं, "वडील बरे झाले की परत जाणार का?" मला बोलताच आलं नाही. दुसरीकडे म्हणाले, "तिकडच्या पगाराची सवय झालेली, आमच्याकडे टिकाल का?" बाकीच्यांना बहुतेक माझ्या हुद्द्याचं नावच कळत नसावं. तो शब्द तिथल्या कंपनीपुरताच होता. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

रानवारा:
मी 9 वर्षांनी आले. मलाही सात महिने लागले, म्हणून आधी एवढंच सांगते की पाच महिने म्हणजे तुमच्यात खोट आहे असं नाही.
हुद्दा बाजूला ठेवा, काम लिहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आयएससीओ-08 या व्यवसाय-वर्गीकरणात जलशुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्यांचा गट 3132 आहे. त्यातलं कामाचं वर्णन वाचा, तसे शब्द कुठल्याही देशात समजतात. मग आकडे द्या: केंद्र किती एमएलडीचं (म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर पाणी), पाळीत माणसं किती, क्लोरीन डोसिंग आणि फिल्टर बॅकवॉश (उलटं पाणी सोडून गाळणी धुणं) कोण बघायचं, टर्बिडिटी, म्हणजे पाण्याचा गढूळपणा, किती एनटीयूच्या (हे तो मोजायचं एकक) आत ठेवत होतात, स्काडावर (संगणकावरून केंद्र चालवायची यंत्रणा) हात बसलाय का. वाचणारा याच धंद्यातला असेल तर त्याला दोन ओळींत माणूस कळतो.
पगार विनिमय दराने गुणून सांगू नका. इथे त्या जागेला काय मिळतं ते आधी काढा आणि "मला हे माहीत आहे, हे मान्य आहे" असं स्वतःहून बोला.

जुनी वही:
मी भरती बघतो. "परत जाणार का" हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो, कारण माणूस तयार करायला वेळ जातो. त्या प्रश्नाची वाट पाहू नका, अर्जातच उत्तर द्या.
आणि अनुभवपत्र आजच मागवा. तुम्हाला ओळखणारा साहेब तिथून गेला की कुणी सही करत नाही. लेटरहेडवर, तारखांसकट, कामाच्या वर्णनासकट हवं. कुठे अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) मागितलं, तर 1961च्या हेग करारात दोन्ही देश आहेत का ते बघा. तो शिक्का जिथे कागद तयार झाला त्याच देशात मिळतो, आणि खासगी कंपनीचं पत्र असेल तर आधी नोटरी करावी लागते. तिथला एखादा विश्वासू सहकारी हे करून देईल.

ओलावा:
अर्जांपेक्षा फोन करा. जवळच्या मित्रांना नव्हे, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही अशांना. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973मध्ये लिहिलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली, नेहमी भेटणाऱ्यांकडून सुमारे 17 टक्क्यांना. नमुना लहान होता, 54 जणांचा. पण माझी नोकरी तशीच लागली. 14 वर्षांपूर्वी एकाच बाकावर प्रशिक्षण घेतलेला माणूस. संकोच वाटला होता, त्याला मात्र आनंद झाला.

पाणपोई:
तिघांचेही मनापासून आभार. काल जुन्या पाळीतल्या सोबत्याला फोन केला, तो पत्र नोटरीकडे नेणार आहे. अर्जात वरच लिहिलं: "वडिलांच्या आजारपणामुळे परत आलो. ते बरे झाले तरी मी इथेच राहणार आहे." लिहून झाल्यावर वडिलांना वाचून दाखवलं. ते अजून नीट बोलत नाहीत. कागद मागून घेतला आणि उशीखाली ठेवला. आता दुसरी प्रत काढतो.