मदत हवी आहे: जुन्या गाडीतलं सेल्फ ड्रायव्हिंग किती वर्षं टिकतं?

घाईत_आहे
२०२० ची गाडी बघून ठेवलीय, सेल्फ ड्रायव्हिंगच्या पॅकेजसकट. डीलर शनिवारपर्यंतच थांबणार. अजून दहा वर्षं वापरायची आहे. कॅमेरे नि कॉम्प्युटर तोवर साथ देतील का? टेस्ट ड्राइव्ह झालीय, तो सल्ला नको.

दहाचा_पाना
कुठली गाडी, कुठला देश? पुढची काच बदललीय का?

गॅरेजवाला_पुणे
काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नजर पुन्हा जुळवणं, करावंच लागतं. आणि रडारसमोरच्या बंपरला लांबी (पुट्टी) भरून जाड रंग मारला असेल तर सिग्नल कमजोर होतो. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० वाल्यांनी बंपरवर गार्ड लावू नका.

घाईत_आहे
एक्सयूव्ही नाही हो! टेस्ला मॉडेल ३, न्यू जर्सी. काचेचं डीलरला विचारतो.

दहाचा_पाना
म्हणजे हार्डवेअर ३, टेस्लाच्या सेल्फ ड्रायव्हिंग कॉम्प्युटरची एक जुनी पिढी. त्यात पुढचं रडार आहे, पण सॉफ्टवेअर आता ते वापरत नाही; सगळा भार आठ कॅमेऱ्यांवर. ४ वर्षं किंवा ५०,००० मैलांची मूळ वॉरंटी संपलेली, त्यामुळे कॅमेरा गेला तर खर्च तुमचा.

लायडार_हवाच
नुसत्या कॅमेऱ्यांवर दहा वर्षं? वेमोच्या (गूगलच्या घरातली चालकाविना टॅक्सी) जॅग्वारवर २९ कॅमेरे, ५ लायडार (लेझरने अंतर मोजणारे सेन्सर), ६ रडार आहेत. एक आंधळा झाला तर दुसरा बघतो.

दहाचा_पाना
वेमो विकत मिळते का? त्या गाड्या डेपोत परततात, तिथे सेन्सर पुसले-तपासले जातात. घरच्या गाडीचं हे कोण करणार? तुलनाच चुकीची आहे.

लायडार_हवाच
तेच म्हणतोय, देखभालीशिवाय हे टिकत नाही.

चार्जिंग_काका
बॅटरीला ८ वर्षं वॉरंटी असते. काळजी नको.

घाईत_आहे
काका, बॅटरीचं विचारलंच नाही. काच बदललेली आहे म्हणे. आता?

चिप_आणि_चिमटा
मग काचेच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्यासमोर धुरकट थर आहे का बघा. आतल्या प्लास्टिकच्या वाफेने तो धरतो, बाहेरून पुसून जात नाही. डॅशकॅमची क्लिप काढून पुढचं, मागचं आणि फेंडरवरच्या (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावरच्या) दोन कॅमेऱ्यांचं चित्र तपासा. दारांमधल्या खांबातले दोन त्यात येत नाहीत, तिथे काचेत दव साठलंय का ते डोळ्यांनीच बघा. कॅलिब्रेशन पुसलं तर स्पष्ट पट्टे असलेल्या सरळ रस्त्यावर साधारण २०-२५ मैलांत पुन्हा बसतं. १०० मैलांतही बसलं नाही तर सर्व्हिस सेंटर.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर चिप जळण्याआधी मेमरी झिजते. २०२१ मध्ये टेस्लाने मॉडेल एस आणि एक्सच्या सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण स्क्रीनमागची ८ जीबीची फ्लॅश मेमरी सतत लिहून लिहून संपत होती. तुमच्या गाडीत तो भाग नाही, पण दुखणं ओळखून ठेवा.

दहाचा_पाना
एक राहिलं. सॉफ्टवेअरच्या पानावर 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग कॉम्प्युटर' अशी ओळ त्या वर्षीच्या सगळ्याच गाड्यांत दिसते. पॅकेजची ओळ वेगळी. मालकाने महिन्याच्या वर्गणीवर घेतलं असेल तर ते गाडीबरोबर येत नाही. आणि हार्डवेअर ३ बदलावं लागेल असं टेस्लाचे प्रमुख मस्क यांनीच जानेवारी २०२५ मध्ये मान्य केलंय. माझं मत विचाराल तर पॅकेजसाठी एक डॉलरही जास्त मोजू नका.

घाईत_आहे
पॅकेजची ओळ नक्की कुठे असते?

दहाचा_पाना
गाडीच्या स्क्रीनवर कंट्रोल्स, मग सॉफ्टवेअर. डीलरला आजच फोटो पाठवायला सांगा.