मदत हवी आहे: पांढऱ्या स्नीकर्सचे फोटो मळकट येतात, वर बुटाचं नाक भलतंच मोठं दिसतं

नमस्कार मंडळी,

भाच्याचे स्नीकर्स विकायचे आहेत. पोराचा पाय असा वाढतोय की बूट जुने व्हायच्या आधी लहान होतात. फोन साधा अँड्रॉइड. घर सदाशिव पेठेत, गॅलरी पश्चिमेला. दुपारनंतर ऊन थेट अंगावर येतं, म्हणून हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली फोटो काढले. पांढरेशुभ्र बूट फोटोत राखाडी दिसतात. जवळून काढला तर नाक भोपळ्याएवढं आणि टाच गायब. मध्येच आडवे पट्टेही उमटतात. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "काका, ओरिजिनलच आहेत ना?"

भाचा म्हणतो रिंग लाइट घे. म्हणजे बूट विकून आलेले पैसे दिव्यात घालायचे! बिनखर्चाचं काही सुचवा. आणि पोर्ट्रेट मोड वापरावा का?

प्रतिसाद

रिंग लाइट राहू द्या काका. नाकाचा घोळ अंतराचा आहे. फोनचा मुख्य कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण 24 ते 26 मिमी लेन्सचा, म्हणजे चांगलाच वाइड, रुंद दृश्य टिपणारा. वीतभरावरून काढलं की जे जवळ ते फुगणारच. चार-पाच फूट मागे जा, 2एक्स झूम करा आणि फोन उलटा धरा. लेन्स जमिनीलगत येते आणि बूट नीट उभा दिसतो.

राखाडीचं कारण वेगळं. समोर काहीही असो, कॅमेरा त्याला मध्यम उजेडावर आणू पाहतो. पांढरं काळवंडतं, काळं फिकं पडतं. बुटावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बाजूचं सूर्याचं चिन्ह वर सरकवा. शिवणीचे टाके पांढऱ्यात विरायला लागले की जरा खाली या. टाके मोजता आले पाहिजेत, तोवरच उजळ.

प्रतिसाद

पट्टे ट्यूबचे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. फोनमध्ये प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायचा) असेल तर शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवा. त्यापेक्षा ट्यूब बंदच करा ना! पश्चिमेची गॅलरी सकाळी फोटोसाठी झकास: उजेड भरपूर, ऊन नाही. सावलीच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा. तो घ्यायला अप्पा बळवंत चौकातली स्टेशनरीची दुकानं तुम्हाला हाकेच्या अंतरावर. खाली शहाबादी फरशी असेल तर उत्तमच, पांढरा बूट उठून दिसतो. चादर नको, सुरकुत्या येतात.

पोर्ट्रेट मोड अजिबात नको, मागचं धूसर करताना लेसची टोकं खातो.

प्रतिसाद

लेन्स आधी सुती फडक्याने पुसा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, नाहीतर वरचा भाग बसका दिसतो. आणि ओरिजिनल का विचारतात, तर जिभेच्या आतलं लेबल तुम्ही दाखवलं नसणार. ते, तळ आणि टाचेची झीज, तिन्हींचे जवळून फोटो हवेत. देखणा फोटो एकच पुरे.

धागाकर्ता

मंडळी, आभार! सकाळी गॅलरीत काढले, टाके लख्ख दिसताहेत. आता नवीन पंचाईत: डाव्या बुटाच्या जाळीवर आमरसाचा डागही लख्ख दिसतोय. तो कोन टाळू का?

प्रतिसाद

टाळू नका. डागाचा वेगळा फोटो टाका आणि शंभर-दोनशे कमी सांगा. घेणारा घरी येऊन बघणारच आहे.