हिंदी सिनेमातला गोव्याचा ख्रिस्ती माणूस

म्हापसेकर:
हिंदी सिनेमात गोव्याचा ख्रिस्ती बाप आला की त्याच्या हाती बाटली आणि त्याच्या मुलीच्या अंगात आखूड फ्रॉक असणार, हे जणू ठरूनच गेले आहे. ‘बॉबी’ (१९७३) मधला जॅक ब्रॅगांझा आठवावा. ‘दम मारो दम’ (२०११) ने तर गोव्यात दारू स्वस्त आणि बायका त्याहून स्वस्त अशा अर्थाचा संवाद घातला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. हे सारे अज्ञानातून येते की सोयीतून?

मडगावकर:
सोयीतूनच, असे माझे मत आहे. नायिकेच्या शालीनतेला धक्का न लावता पडद्यावर नाच, दारू आणि उघडे अंग दाखवायचे, तर त्यासाठी रीटा किंवा लिली अशा नावाची नर्तकी निर्मात्यांना फार उपयोगी पडत असे. मात्र जॅकला त्याच माळेत ओवू नये. मुलीने श्रीमंताच्या मुलाचा नाद सोडावा म्हणून तिकडचा बाप पैसे पुढे करतो, तेव्हा अपमान गिळून गप्प बसणारा हा मच्छीमार नव्हे, आणि प्रेक्षकही त्याच्याच बाजूने उभा राहतो. खरी गंमत ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मध्ये आहे. भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून नाचणारा तो हातभट्टीवाला जे नाव मिरवतो, ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे, म्हणजे संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे आहे. हिंदी गाण्यांचे वाद्यवृंद गोव्याच्या ज्या वादकांनी उभे केले, त्यांच्यासारखे एखादे पात्र पडद्यावर क्वचितच आले.

वाळपईची वाचक:
मुंबईवाल्यांना बोल लावताना आपल्या मांडवाखालीही पाहावे. किनाऱ्यावर माळा विकणारी लमाणी बाई किंवा कर्नाटकातून आलेला गवंडी आपल्या रंगमंचावर येतो तो बहुधा मोडक्या कोंकणीवर हशा मिळवण्यापुरताच. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा ‘पलतडचो मनीस’ (२००९) हा कोंकणी चित्रपट मला म्हणूनच मोलाचा वाटतो. एकटा राहणारा वनरक्षक एका वेड्या बाईला आसरा देतो आणि तिच्या वेडापेक्षा गावाला त्या दोघांचे एकत्र राहणेच अधिक खुपते. तरीही गोष्ट शेवटी त्या पुरुषाचीच राहते, ही माझी तक्रार आहेच.

म्हापसेकर:
जॅकविषयीचे म्हणणे पटले, पण ‘दम मारो दम’ला तशी सवलत देण्याची माझी तयारी नाही. लमाणी बाईच्या बाजूने लिहिलेले एखादे मराठी नाटक किंवा तियात्र (गोव्यातले कोंकणी संगीत नाट्य) कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.