युगांडात ३ महिने व्हॉलंटिअर नर्स म्हणून जायचंय, तयारी काय करू?

निशिगंधा_नाशिक:
नमस्कार मंडळी, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. पुढच्या जूनपासून ३ महिने बिनपगारी रजा मिळतीये, युगांडात म्बाले शहराच्या बाजूला एका छोट्या हॉस्पिटलात जायचं मनात आहे. एका एजन्सीशी बोलणं चालूये, राहणं-जेवण धरून डॉलरमधे फी मागतायत, तिकीट वेगळं. सकाळी हॉस्पिटल, दुपारी अनाथाश्रमातली मुलं असं पॅकेज आहे. व्हिसा टुरिस्टच काढा, कोणी विचारत नाही म्हणे. लसी कुठल्या, मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का, देणगी म्हणून औषधं न्यावीत का, सगळंच सांगा. आई अजून तयार नाहीये, म्हणते फुकट राबायला वर पैसे भरून कोण जातं.

रानवारा:
तिकडे कशाला, आपलं गडचिरोली-मेळघाट काय कमी आहे का? बंग डॉक्टरांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून तिथे काम करतंय. भाषा कळते, व्हिसा नको, लस नको.

कंपालातला_दादा:
रानवारा, त्यांनी युगांडाचं विचारलंय हो, गडचिरोलीचा वेगळा धागा काढा की.
ताई, मी इथे बरीच वर्षं आहे, हॉस्पिटलांना मशिनरी पुरवायचं काम करतो, त्यामुळे वॉर्डात जाणं-येणं असतं. पहिलं म्हणजे 'कोणी विचारत नाही' यावर जाऊ नका. टुरिस्ट व्हिसावर काम चालत नाही, बिनपगारी असलं तरी, आणि पेशंटला हात लावायचा तर इथल्या नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, त्यासाठी तुमच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचा (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असा) दाखला आत्ताच मागवायला घ्या. हॉस्पिटलच्या मेट्रनशी (मुख्य नर्सशी) थेट बोला, एजन्सीमार्फत नको. काम काय, कोणाच्या हाताखाली, नोंदणी कोण करून देणार, हे तिच्याकडून मेलवर येऊ दे. एजन्सी तिचा नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर काय ते समजा.
औषधांची बॅग भरून आणू नका, परवानगीशिवाय आणलेली औषधं विमानतळावर अडकू शकतात. मशीनचंही तेच, एका ठिकाणी देणगीत आलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) कोपऱ्यात पडलेला, वर बँडेजचे खोके रचलेले. बिघडलेला नव्हता, फिल्टर संपलेला आणि तो इथे मिळत नव्हता, बस. काय लागतं ते मेट्रनलाच विचारा.

सिस्टर_सुमन:
मी पूर्व आफ्रिकेत काम करून आलीये म्हणून नर्सिंगपुरतं बोलते. आयसीयूवाल्यांना तिथे पहिला आठवडा जड जातो, मॉनिटर नाही, इन्फ्युजन पंप नाही, ड्रिप घड्याळ लावून थेंब मोजून सेट करायची आणि रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच नर्स. पेशंटला खाऊ घालणं, पुसणं सगळं नातेवाईक करतात, बाहेर चूल मांडून पोशो आणि बीन्स शिजत असतात. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तुम्हीही तेच खाणार. लहान मुलांचा सिव्हियर मलेरिया खूप येतो, रक्त इतकं उतरलेलं की ट्रान्सफ्युजन लागतं, तेव्हा आर्टेसुनेटचे (सिव्हियर मलेरियावरचं औषध) डोस वजनानुसार पाठ करून जा, मुलांचं ट्रायाजही (कोणाला आधी बघायचं ते ठरवणं) वाचून घ्या.
आणि सुई टोचली तर काय हे आधीच विचारा. एचआयव्हीची पेप (लागण टाळायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते आणि २८ दिवस घ्यायची, तिथे ठेवलेली असते का बघा. हेपटायटिस बीची लस घेतली असेलच, टायटर (अँटीबॉडीची रक्ततपासणी) मात्र करून घ्या.

खडूस_पुणेकर:
यलो फीवरची लस कंपल्सरी आहे, सरकारमान्य केंद्रातच मिळते, पासपोर्ट घेऊन जायचं. सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं त्यामुळे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही, एकदा घेतली की आयुष्यभर चालतं. नसेल तर परत येताना आपलेच लोक ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मलेरिया तिथे बारमाही, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, मलेरिया टाळायची गोळी) घेतलीत तर रोज एक आणि परत आल्यावरही ४ आठवडे, बहुतेक लोक परत आले की सोडतात. ऊन फार लागतं त्या गोळीने. व्हिक्टोरिया लेकमधे पोहायला उतरू नका, बिल्हार्झिया होतो (पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या जंतांचा आजार).

निशिगंधा_नाशिक:
बापरे, सगळ्यांचे आभार. मेट्रनचा नंबर मागितलाय. अनाथाश्रमाचं काय करू? आईला तेवढंच पटलंय खरं तर.

सिस्टर_सुमन:
ते वगळा, अगदी स्पष्ट सांगते. यातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात, व्हॉलंटिअर फी भरतात म्हणून मुलं गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या कायद्यात याला आधुनिक गुलामगिरीत धरलंय. दर महिन्याला नवीन ताई येणार, लळा लावणार, निघून जाणार, मुलांनी करायचं काय? दुपारी हॉस्पिटलातल्याच ज्युनिअर नर्सेसना तुमचं आयसीयूचं शिकवा, सक्शन, ऑक्सिजन, चार्टिंग. ते तुम्ही गेल्यावरही वापरतील.

कंपालातला_दादा:
+१. आणि डॉलर आणाल ते नव्या, कोऱ्या नोटांचे आणा, जुन्या किंवा फाटक्या घेत नाहीत, १०० च्या नोटेला रेटही जास्त मिळतो. प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडाप्टर लागेल. मसाले, डाळी सगळं कंपालात मिळतं, ते वजन वाचवा. आईंना सांगा बोडाबोडावर (मोटरसायकल टॅक्सीवर) हेल्मेटशिवाय बसणार नाही म्हणून, तेवढं खरंच पाळा.