मदत हवी आहे : 'म्हैशी'वर बसायला हेल्मेट कोणतं?

मंडळी, माझी काळी बुलेट ३५०, घरात नाव 'म्हैस'. (हे नाव आईने ठेवलं. अंगणात आडवी उभी असते आणि ढकलली तर हलत नाही म्हणून. मित्राच्या स्प्लेंडरला आम्ही 'शेळी' म्हणतो, कमी खाते!)

आता मुद्दा. सध्याचं अर्धं हेल्मेट गंगापूर रोडला ठीक आहे, पण परवा इगतपुरीकडून कसारा घाट उतरताना पावसाने गाल झोडपले. चष्मा पुसायला दोनदा थांबलो. म्हणून फुल फेस घ्यायचं ठरवलंय. मोड्युलर चष्म्याला सोयीचं वाटतं, पण हनुवटीचा भाग उघडणारा असल्याने मन धजत नाही.

डोक्याचा घेर भुवयांच्या वर टेप लावून मोजला, ५९ सेंमी. दुकानात एका कंपनीचं 'एल' कानशिलाला रुतलं, दुसऱ्याचं मान हलवताच गरगर फिरलं. आयएसआय खूण तर बघणारच, रस्त्यावरचं नकोच.

चष्मेवाल्यांनो, काडी न दुखता आत जाते असं कोणतं? काचेवर वाफ धरू नये म्हणून पिनलॉक (काचेच्या आतून बसणारी जादा पातळ काच) लावलंय का कुणी? बजेट ४,००० पर्यंत. नाशकात घालून बघू देणारं दुकान माहीत असेल तर तेही सांगा. आणि हो, तुमच्या गाडीचं नाव काय?