आधी येत नव्हतं, नाइलाजानं आलं (अनुभव धागा)

दीड वर्षापूर्वी नवऱ्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू हळूहळू सावरली, बोलणं मात्र अडकलं. याला वाचाघात म्हणतात, हे तेव्हा कळलं. त्याला आपलं सगळं समजतं, पण हवा तो शब्द तोंडात येत नाही. बहुतेक वेळा 'चावी' येतो. पाणी हवं, चावी. पंखा बंद कर, चावी.

दवाखान्यात भेटायला येणारे 'संकटातूनच माणूस घडतो' असं सांगून शहाळं ठेवून जायचे. शहाळं उपयोगी पडलं.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा." सव्वीस वर्षं मी त्याचीच काय, शेजाऱ्यांचीही वाक्यं पुरी करत आलेय! चेहऱ्यावर घाई न दाखवता थांबणं या वयात शिकतेय. अजून कच्चंच आहे.

तुमचंही सांगा. घडलात का, ते नको. अडचणीमुळं आलेलं एखादंच काम, सवय, काहीही.

वाशिष्ठीकाठ
चिपळूण, २२ जुलै २०२१. आमचं किराणा दुकान बाजारपेठेत. पूर आम्हाला नवा नाही, त्यामुळे रात्री माल वरच्या फळ्यांवर चढवून निवांत होतो. पाणी पोटमाळ्यापर्यंत गेलं. ओसरल्यावर आत गुडघाभर गाळ, त्यात फुगलेली कडधान्यं, आणि तो वास. आजही भिजलं पीठ दिसलं की मला मळमळतं.

आमच्या घरात कुणाकडून काही घ्यायची पद्धत नाही. वर्गणी द्यायची, घ्यायची नाही. तिसऱ्या दिवशी बाहेरगावची पोरं टेम्पोतून भाकरी-चटणी घेऊन आली. मी फावडं मारत राहिलो, बघितलं न बघितल्यासारखं केलं. बायको रांगेत जाऊन उभी राहिली. एका पोरानं माझ्या हातात भाकरी ठेवली, कारण माझे हात चिखलाचे आणि मला नाही म्हणायला सुचेना. घेणं तिथं शिकलो.

उधारीची वही गाळात गेली होती. बरेच जण आपणहून आले, आपला आकडा सांगून गेले. जे नाही आले, तेही मला पाठ आहेत. इतका काही मी सुधारलेलो नाही.

दोन वेण्या
घटस्फोटानंतर लेकीची वेणी घालायला शिकलो. भांग वाकडाच येतो. शाळेच्या बसमधल्या मावशी तो गुपचूप सरळ करतात, हे लेकीनं परवा फोडलं.

चाळ, दुसरा मजला
वडिलांचं सांगते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी चौथीत. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणत होते. तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. आईनं पोळीभाजीचे डबे सुरू केले. सकाळच्या पन्नास पोळ्या तिला एकटीला झेपेनात, तेव्हा वडील लाटायला बसले. दार लावून. पण चाळीत दिवसा दार लावलं की शेजारणी काय झालं विचारायला येणारच. शेवटी वैतागून त्यांनी दार उघडं टाकलं. महिन्याभरात पलीकडच्या खोलीतले काका पीठ मळताना दिसले.

माळवद
लातूर जिल्हा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गाव दमून झोपलेलं, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवदाचा, म्हणजे जाड मातीच्या छताचा भार. आई आणि दोन बहिणी गेल्या. मी ७ वर्षांचा.

लोक म्हणतात, त्यानं तुला खंबीर केलं. नाही केलं. बहिणी असत्या तर मी काही कमी झालो नसतो.

काम विचारलंत म्हणून सांगतो. ओळखीत कुणी घर बांधायला काढलं की मी न बोलावता जातो. दारं-खिडक्यांच्या वर, चारी भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा टाकलाय का, कोपऱ्यात सळई वळवून नेलीय का, बघतो. गवंडी वैतागतात. मी हलत नाही.

धागाकर्ती
माळवद, तुम्हाला उत्तर लिहायला बसले, चारदा खोडलं. सवयीनं तुमचं वाक्य पुरं करावंसं वाटतंय. नाही करत.

आत 'चावी' चाललंय. बहुतेक चहा असावा. जाऊन थांबते.